ताणाला ब्रेक असतो

1930 च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली हा तरुण संशोधक उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होता. नवं संप्रेरक (हार्मोन) हाती लागेल, अशी त्याची आशा. उंदरांच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि पोटात व्रण! सेली हरखला. मग खात्री करायला त्याने भलतंच रसायन टोचून पाहिलं, फॉर्मॅलिन. तरी तेच तीन बदल. थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, तरी तेच. संप्रेरकाचं स्वप्न तिथेच बुडालं, पण संकट कुठलंही असो, शरीराचं उत्तर एकच, हे त्याच्या लक्षात आलं. 1936 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याचं छोटंसं टिपण आलं. आज ज्याला आपण ताण म्हणतो, त्याच्या अभ्यासाची ही सुरुवात.

हे उत्तर शरीर दोन टप्प्यांत देतं. धोका जाणवला की मज्जातंतूंमार्फत ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि काही सेकंदांत ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पचन थांबतं. दुसरा निरोप जरा सावकाश: मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, ती ॲड्रिनलला, आणि मग कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक स्रवतं. त्याची पातळी शिगेला पोचायला साधारण 20 ते 30 मिनिटं लागतात. भांडण मिटून गेल्यावरही आपण बराच वेळ धुमसत राहतो, त्यामागे याचाही हात असतो.

कॉर्टिसॉलला हल्ली उगाच खलनायक ठरवलं गेलं आहे. सकाळी जाग येताना ते रोज वाढतं, वाढायलाच हवं. ॲडिसनच्या आजारात ते पुरेसं तयार होत नाही. अशा रुग्णांना त्याची भर घालणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. शिवाय या यंत्रणेला स्वतःचा ब्रेक आहे. टाकी भरली की तरंगता गोळा पाणी बंद करतो, तसं वाढलेलं कॉर्टिसॉलच मेंदूला 'पुरे' म्हणून कळवतं.

मग बिघडतं कुठे? सकाळचा अपमान आपण रात्री अंथरुणावर पुन्हा ऐकतो, उद्याची मुलाखत आजच दहा वेळा देतो. संकट समोर नसतं, पण नुसत्या विचारानेही तीच यंत्रणा जागी होते. ब्रेक लागेपर्यंत पुन्हा नळ सुरू!

याची किंमत मोजून पाहिली गेली आहे. 1991 साली शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 394 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडले. ज्यांनी आपल्यावर जास्त ताण असल्याचं आधी सांगितलं होतं, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. 1995 च्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर छोटीशी जखम केली गेली. ती भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अल्सरचं, म्हणजे माणसाच्या पोटातल्या व्रणांचं खापर मात्र एकट्या ताणावर फोडू नये. त्यामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा काही वेदनाशामक गोळ्या असतात.

माझ्या मते सगळ्यात बोलका प्रयोग 'जे वाइस' नावाच्या संशोधकाचा, 1970 च्या आसपासचा. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे झटके दिले. फरक इतकाच, की एकाला चाक फिरवून दोघांचेही झटके थांबवता येत होते. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. पोटातले व्रण या दुसऱ्याला कितीतरी जास्त झाले. झटक्याआधी सूचना देणारा आवाज केला तरी व्रण कमी होत. म्हणजे झटका जितका छळतो, तितकीच हतबलताही छळते.

म्हणून 'टेन्शन घेऊ नकोस' हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. त्यात चाक कुठे आहे? त्यापेक्षा डोक्यात घोंघावणाऱ्या काळज्या कागदावर उतरवाव्यात आणि त्यातली आपल्या हातातली एक, लहानशी का होईना, आजच उरकावी. बाकीच्या कुणाजवळ तरी बोलाव्यात.

श्वास हेही असंच एक हाताशी असलेलं चाक. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, कारण तेव्हा व्हेगस या मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो. म्हणून मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, आणि सोडताना जास्त वेळ. पाच मिनिटं पुरतात. व्यायामाची गंमत वेगळी. जोरात पळताना कॉर्टिसॉल वाढतंच, पण हा ताण आपण सुरू केलेला असतो आणि आपणच थांबवतो. झोपेबद्दल एवढंच, की दारूने ती लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

काही आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. आणि छातीत कळ आली तर 'ताणामुळेच असेल' असं परस्पर ठरवू नये. ते ईसीजी बघून डॉक्टरांना ठरवू द्यावं.