लव्हेंडर, उंदीर आणि नाक

'लव्हेंडर तेलाचे पंचवीस फायदे' ही यादी परवा पुन्हा मोबाइलवर येऊन पडली. केसगळतीपासून मधुमेहापर्यंत सगळं त्यात. अशा याद्या मी पुढे ढकलत नाही. पण या तेलातल्या एका रेणूवर, लिनालूलवर, माझा जीव आहे, म्हणून हा लेख.

फुलोऱ्यातून वाफ सोडून काढलेल्या या तेलात रसायनं पुष्कळ असली तरी मुख्य दोनच: लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. लिनालूल हुंगल्यावर शांत वाटतं, ते कशानं? फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून मेंदूत जाऊन, की नुसत्या वासानं?

जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हे उंदरांवर तपासलं. उंदीर उजेडाला बिचकतो. लिनालूलची वाफ हुंगलेले उंदीर मात्र अंधारा कप्पा सोडून उजेडात जास्त वेळ रेंगाळले. मग नाकातल्या वासाच्या पेशी नष्ट केलेल्या उंदरांना तीच वाफ दिली. फुप्फुसं शाबूत, श्वास चालू, आणि परिणाम काहीच नाही! म्हणजे वाट नाकाचीच.

खरी गंमत पुढे आहे. फ्लुमाझेनिल हे औषध आधी दिलं, तर वास घेऊनही उंदीर पूर्वीसारखेच बिचकले. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना आवर घालतं. ते पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे रसायन ओळखून उघडणाऱ्या प्रथिनाच्या दाराला, चिकटलं की क्लोराइड आयन आत शिरतात, आतला ऋण भार वाढतो आणि पेशी सहजी उत्तेजित होत नाही. बेन्झोडायझेपिन गटातल्या चिंतेवरच्या गोळ्या त्याच ग्राहीवर दुसऱ्या जागी बसतात आणि हे दार वरचेवर उघडायला लावतात. फ्लुमाझेनिल नेमकी ती जागा अडवतं. थोडक्यात, नाकात सुरू झालेली साखळी गोळ्यांच्याच ग्राहीपाशी पोचते.

हे झालं उंदरांचं. माणसांमध्ये चिंतेसाठी बरा पुरावा आहे तो लव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या प्रमाणित कॅप्सूलचा. ती गिळायची असते, म्हणजे वाटच वेगळी. पण म्हणून बाटलीतलं तेल पिऊ नये. मधुमेहाबद्दल न बोललेलंच बरं.

'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' असं विचारणाऱ्यांसाठी: हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन लिनालूलची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात, आणि त्वचेला ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांची. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत अर्धी हवा. मी झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवतो.