आच मंद, दोष कुठे?

कॅम्पर व्हॅनमधल्या शेगडीची आच मंद झाली की बहुतेकांचा हात आधी सुईकडे जातो. जेट, म्हणजे गॅस फवारणारं बारीक भोकाचं तोंड, कोंदला असेल, टोचून मोकळा करू, एवढा सरळ हिशेब. पण जेट पितळेचा असतो आणि सुई पोलादाची. ०.७० मिलिमीटरचं भोक टोचून टोचून ०.७७ झालं, तर त्याचं क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. गॅस तितकाच वाढतो, हवा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि मंद निळ्या ज्योतीच्या जागी भांड्यांची बुडं काळी करणारी पिवळी ज्योत पदरात पडते. मग नव्या जेटशिवाय इलाज नाही. म्हणून पाना-पक्कड काढण्याआधी खिडक्या उघडाव्यात, आतला दिवा मालवावा आणि पाच मिनिटं ज्योत नीट पाहावी.

ज्योत बुटकी, पण निळी आणि टोकदार असेल तर हवा ठीक आहे, गॅस कमी येतोय. ज्योत पिवळी, लांबट, लवलवती असेल तर गॅस येतोय, हवा कमी पडतेय. मधूनच चमकणारे केशरी ठिपके सोडून द्यावेत. ती धूळ असते किंवा उडालेलं मीठ. धुतलेला बर्नर ओला असतानाच बसवला तरी ज्योत काही वेळ फडफडते, तो दोष नव्हे.

त्यानंतर पाहायचं, एकच बर्नर मंद आहे की दोन्ही. एकच असेल तर दोष त्याच्या नॉबच्या पुढे, म्हणजे जेट, मिक्सिंग ट्यूब (गॅसमध्ये हवा मिसळणारी नळी) किंवा बर्नरच्या टोपीत. दोन्ही मंद असतील तर सिलिंडर, रेग्युलेटर, पाइप नाहीतर मधला बंद-चालू व्हॉल्व्ह. एक बर्नर एकटा छान पेटतो आणि दुसरा लावताच दोन्ही मलूल होतात, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. सुरुवातीला फणफणणारी ज्योत दहा-पंधरा मिनिटांत उतरत गेली, तर संशयित बहुधा सिलिंडर.

हा शेवटचा प्रकार नाशिककरांनी हिवाळ्यात हमखास पाहावा असा. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३७० ज्यूल. दोन्ही बर्नर मिळून साडेतीन किलोवॅटचे धरले तर ताशी सुमारे पावणेतीनशे ग्रॅम गॅस जळतो. तेवढी वाफ तयार करायला सिलिंडरला सतत २८ वॅट उष्णता हवी. ती तो स्वतःच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये द्रव बऱ्याच पत्र्याला टेकलेला असतो, तळाशी दोन बोटं उरली की जागा थोडी राहते आणि सिलिंडर भराभर गार पडतो. व्हॅनमध्ये सोयीचा म्हणून घेतलेला ५ किलोचा सिलिंडर इथे १४.२ किलोवाल्यापेक्षा आधीच दुबळा.

त्यात मिश्रणाची भानगड आहे. आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर नॉर्मल ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. वाफ होताना प्रोपेन जास्त प्रमाणात निघून जातो, तळाशी ब्युटेनचं प्रमाण वाढत जातं. आता निफाडकडच्या द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवायला शेकोट्या पेटवतात तशी पहाट घ्या, हवा पाच अंशांवर. सिलिंडर आधीच गार, आत ब्युटेन जास्त, वर चहा आणि अंघोळीचं पाणी एकदमच ठेवलेलं. आतला दाब घसरतो, रेग्युलेटरला पुढे ढकलायला काही उरत नाही आणि आच बसते. दुपारी तोच सिलिंडर मुकाट्याने काम करतो, त्यामुळे दोष शेगडीच्या माथी जातो. खात्री करायची तर सिलिंडरवर हात फिरवावा. जिथे एकदम गारठा लागतो किंवा दव जमलेलं दिसतं, तिथवर द्रव आहे. उपाय साधे: एका वेळी एकच बर्नर, पहाटेसाठी भरलेला सिलिंडर, फार तर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळणं. सिलिंडर आडवा करून शेवटचा गॅस काढायची सवय मात्र जिवावरची आहे. आडव्या सिलिंडरमधून द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो.

सिलिंडर निर्दोष ठरला की रेग्युलेटर आणि पाइप. घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दोनेक मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधावी, दोन्ही बाजू किमान अर्धा मीटर उंच ठेवाव्यात, निम्म्या उंचीपर्यंत कुंकू घातलेलं पाणी भरावं. सगळ्या ज्योती बंद असताना एका बर्नरची टोपी काढून नळीचं मोकळं टोक त्याच्या जेटवर घट्ट बसवायचं, नॉब हळूच उघडायचा, ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोय असेल तर नॉब दाबून धरायचा. एका बाजूचं पाणी १५ सेंटिमीटर खाली जातं, दुसऱ्या बाजूचं १५ वर येतं. दोन पातळ्यांमधला फरक ३० भरतो. (एकाच बाजूची पट्टी वाचून ‘दाब निम्माच आहे’ म्हणत रेग्युलेटर बदलणारे कमी नाहीत.) गॅस वाहत नसताना हा आकडा ३० पेक्षा थोडा जास्त दिसतो. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून गळती नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरी परीक्षा यानंतरची. दुसरा बर्नर मोठ्या आचेवर लावायचा आणि पाण्याकडे पाहायचं. पातळी थोडी खाली येणारच. पण फरक ३० वरून २० वर आला तर वाट कोंडली आहे. गॅस थांबलेला असताना अडथळा स्वतःला लपवतो, कारण प्रवाह नसेल तर दाब उतरायचं कारणच नाही. त्यामुळे नुसता प्रवाह नसतानाचा दाब पाहून ‘सगळं ठीक’ म्हणणं फसवं. जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ३० चा २० झाला की गॅस १८ टक्के घटतो. पदार्थाला वेळ लागतो, पण शेगडी बिघडलीय असं छातीठोकपणे म्हणताही येत नाही.

व्हॅनमध्ये अडथळ्याच्या जागा ठरलेल्या असतात. ड्रॉवरमागे दुमडलेला रबरी पाइप, अर्धाच उघडलेला व्हॉल्व्ह, नाशिकच्या सातपूर-अंबडकडे बॉडी बांधून घेताना वळणावर चेपली गेलेली तांब्याची नळी. एक जागा मात्र चटकन लक्षात येत नाही. रेग्युलेटर सिलिंडरवर न बसवता भिंतीवर लावला असेल आणि मधला रबरी पाइप त्याच्याकडे उतरता असेल, तर पाइपातून सुटलेला तेलकट अंश गॅसबरोबर वाहत रेग्युलेटरमध्ये साचतो. पिवळसर, चिकट, वासाला उग्र. रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंच ठेवला आणि पाइप चढता राहिला तर हा त्रास बराच टळतो. रेग्युलेटरच्या अंगावरच्या श्वासछिद्रात चिखल बसला तरी आतला पडदा नीट हलत नाही. छिद्र बाहेरून पुसावं, रेग्युलेटर खोलू नये; बिघडला तर बदलायचा. आच वाढावी म्हणून भट्टीचा चावीवाला हाय-प्रेशर रेग्युलेटर घरगुती शेगडीला जोडणं हा उपाय नव्हे, आगीला आमंत्रण आहे. नारिंगी सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलावा, ती तारीख पाइपवरच छापलेली असते.

एकच बर्नर मंद असेल तर आता जेट. गॅस बंद, पाइप मोकळा, बर्नर गार. टोपी आणि कडं उचलल्यावर तळाशी पितळी जेट दिसतो, बऱ्याच युरोपीय शेगड्यांत तो ७ मिलिमीटरच्या पान्याने निघतो. उजेडासमोर धरून पाहावं, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. नसेल तर थिनरमध्ये भिजवून उलट बाजूने हवा मारावी. भोकाचा व्यास चिकट थराने दहा टक्के घटला तरी गॅस १९ टक्के कमी होतो, त्यामुळे जेट पूर्ण बुजण्याची वाट पाहू नये. पावसाळाभर इगतपुरी-त्र्यंबककडे उभ्या राहिलेल्या व्हॅनमध्ये मिक्सिंग ट्यूबही तपासावी. कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर तिथे हवेची वाट अडवतं आणि ज्योत पिवळी करतं. बाटलीचा ब्रश पुरतो.

काही शेगड्या मुळातच वेगळ्या दाबासाठी असतात. बाहेरून आणलेल्या जुन्या जर्मन कॅराव्हॅनची शेगडी ५० मिलिबारची असू शकते; ती ३० वर मंदच जळणार, कितीही साफ करा. शेगडीखालची पाटी वाचावी. उलट प्रकारही घडतो. नाशिकमध्ये पाइपचा गॅस आल्यावर घरच्या शेगडीचे जेट मोठे करून घेतलेले असतात, आणि तीच शेगडी व्हॅनमध्ये सिलिंडरला जोडली की ज्योत धगधगीत पिवळी होते.

उंचीला मात्र उगाच दोष देतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, इथे हवेचा दाब कमी असल्याने गॅस तीनेक टक्केच घटतो, ते डोळ्यांना कळतही नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तो जवळपास १९ टक्के घटतो, आणि तिथे पाणीही ८८ अंशांच्या सुमारास उकळू लागतं, त्यामुळे डाळ शिजेना म्हणून जेट मोठा करणं चुकीचं.

बंद व्हॅनमध्ये बराच वेळ पेटलेली ज्योत प्राणवायू घटल्यानेही मलूल होते. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. पिवळ्या ज्योतीवर रात्री व्हॅन ऊबदार ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळालेला गॅस जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं आणि ते चटईने झाकलेलं नको. सगळं परत जोडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस, बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह बंद, व्हॅनबाहेर येऊन १९०६ वर फोन.