टकलावरचे उपचार आले कुठून?

नागपुरात केस विरळ व्हायला लागले की पहिला आळ बोअरच्या पाण्यावर येतो, मग हेल्मेटवर, नाहीतर मे महिन्यातल्या उन्हावर. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाला, म्हणजे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत जाणाऱ्या आणि टाळूवर चंद्र पाडणाऱ्या टकलाला, यांपैकी काहीच कारणीभूत नाही. ते आनुवंशिकतेमुळे आणि हार्मोनमुळे पडतं.

जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने हे १९४२ मध्ये मांडलं. वयात येण्याआधीच वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिल्यावर काहींचे केस जाऊ लागले, तेही घराण्यात टक्कल असलेल्यांचेच. हार्मोन बंद केलं की गळणं थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. मला हेच निरीक्षण सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडची मुलं तेलं बदलण्यात जी दोन-तीन वर्षं घालवतात, ती का महाग पडतात ते यावरून कळतं.

आज वापरात असलेली दोन मुख्य औषधं मात्र टकलासाठी शोधलेलीच नव्हती. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी, अमेरिकेत १९७९ मध्ये मंजूर झालेली. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागले. मग त्याच औषधाचं डोक्याला लावायचं २ टक्के द्रावण तयार झालं आणि १९८८ मध्ये बाजारात आलं. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात. जुने केस पडून नव्यांना जागा होत असते, पण कंगव्यात आलेला पुंजका बघून घाबरून कित्येक जण तिथेच औषध सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की कमावलेलं काही महिन्यांत जातं.

दुसरं औषध फिनास्टेराइड. त्याचा धागा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांपर्यंत पोहोचतो. तिथल्या काही पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे केसांची मुळं बारीक करणारं त्याचंच जास्त प्रभावी रूप, करणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं, हे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, लहान राहत होती आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. तेच एन्झाइम रोखणारी ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आली आणि १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये केसांसाठी. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते किंवा ताठरतेची अडचण येते. म्हणून ती मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणू नये, नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं.

शस्त्रक्रियेचा पाया न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात घातला. डोक्याच्या मागचे केस पुढे लावले तरी आपला न गळण्याचा गुण सोडत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. तेव्हाचे जाड पुंजके बाहुलीच्या केसांसारखे दिसत. आता एक ते चार केसांची मुळं सुटी काढून लावतात. नागपुरात धंतोली, रामदासपेठेत केस रोपणाच्या पाट्या वाढल्या आहेत, तेव्हा हेही माहीत हवं: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून केस रोपणाचं प्रशिक्षण होत नाही.

रोपणानंतरही आजूबाजूचे मूळचे केस गळत राहू शकतात. विशीतल्या मुलाला चांगला डॉक्टर लगेच टेबलावर घेत नाही, आधी औषध सुरू करतो, ते यासाठीच.