वयाचा शिक्का नेमका कोण मारतं?

चित्रपटांना प्रमाणपत्र देतं ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपलं सेन्सॉर बोर्ड. कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने त्याच्या यूए शिक्क्याचे, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने पाहायच्या चित्रपटांचे, तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या थिएटरात आईबाप दहा वर्षांच्या पोराला यूए १६+ चित्रपटाला घेऊन आले, तर दारावरचा माणूस त्यांना अडवू शकत नाही. तो आकडा पालकांसाठी सल्ला आहे. वयाची बंदी फक्त ‘ए’ला, म्हणजे प्रौढांसाठीच्या चित्रपटाला. तरी निर्माते यूएसाठी जिवाचा आटापिटा करतात, कारण ‘ए’ चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही. टीव्हीचे हक्क विकायचे तर मंडळाने सांगितलेले कट मुकाट्याने घ्यावे लागतात. आता टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र मागता येतं, पण तिथेही कात्री आलीच.

चित्रपट तपासण्याचा पहिला कायदा १९१८ चा. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगूनला परीक्षण मंडळं बसली. मध्य प्रांताची राजधानी असूनही नागपूर त्यात नव्हतं, प्रमाणन मंडळाच्या आजच्या नऊ प्रादेशिक कार्यालयांतही नाही. यू (सर्वांसाठी) आणि ए हा भेद १९४९ चा.

खरा घोळ १९८३ च्या नियमांनी घातला; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. १९८३ च्या नियमांप्रमाणे पूर्ण लांबीचा चित्रपट सल्लागार मंडळातले चार जण आणि एक अधिकारी पाहणार. खेळ चालू असताना निर्मात्याने बाहेर थांबायचं. पाहणाऱ्यांची नावं त्याला कळू द्यायची नाहीत आणि अहवाल गोपनीय ठेवायचा. दबाव येऊ नये म्हणून ही गुप्तता, असं समर्थन केलं जातं. पटण्यासारखं आहे, पण अर्धंच. दबाव टळतो, तसा जाबही टळतो. कुणाला काय खटकलं, मतं कशी फुटली, हे बाहेर येत नाही. हाती पडते ती कटांची यादी. आणि गुप्ततेने पैशाची वाट बंद झाली म्हणावं, तर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडी चित्रपटासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून खुद्द प्रमाणन मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अटक झाली.

दाद मागायची सोयही सहज मिळाली नव्हती. एका माहितीपटाला यूऐवजी ए मिळाला आणि दिग्दर्शक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७० च्या निकालात पूर्वपरीक्षण वैध ठरलं, पण स्वतंत्र अपील न्यायाधिकरण आणण्याची तयारी सरकारने त्या खटल्यात दाखवली होती. १९८१ मध्ये कायदा बदलला, अंमल १९८३ मध्ये. एप्रिल २०२१ मध्ये एका अध्यादेशाने ते न्यायाधिकरण गेलंही.

आता अपील थेट उच्च न्यायालयात. सुनावणी उघड, निकाल कारणांसह, एवढी गोष्ट चांगली झाली. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही इथल्या सिव्हिल लाइन्सलाच आहे. पण वैदर्भी बोलीत कमी बजेटचा चित्रपट काढणारा माणूस प्रदर्शनाची तारीख धरून बसलेला असतो. वकिलाची फी आणि पुढची तारीख या दोन गोष्टी ऐकल्या, की तो कट मान्य करून मोकळा होतो.