रिपोर्ट नॉर्मल, तरी आजार : मनोविकारांच्या निदानामागचा इतिहास

मनोविकारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा आलेल्या कुटुंबाचा एक प्रश्न ठरलेला असतो. रक्त तपासलं, मेंदूचा एमआरआय झाला, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग आजार आहे हे ठरवलं कशावरून? प्रश्न रास्त आहे. मधुमेहात साखरेचा आकडा दाखवता येतो, हाड मोडलं तर एक्स-रे दाखवता येतो. स्किझोफ्रेनिया (भास, संशय, विस्कळीत विचार), बायपोलर (उन्माद म्हणजे अतिउत्तेजना आणि नैराश्य यांचे येऊन-जाऊन असणारे टप्पे) किंवा डिप्रेशनचं, म्हणजे नैराश्याचं, निदान मात्र आजही रुग्णाच्या बोलण्यातून, निरीक्षणातून आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीतून होतं. असं का, हे समजून घ्यायचं तर या शाखेचा इतिहास पाहावा लागतो. तो सरळ रेषेतल्या प्रगतीचा नाही. इथे उपचार अनेकदा चुकीच्या तर्कातून सापडले, आणि ज्या आजाराचं कारण पक्कं कळलं तो आजार बहुधा मनोविकारांच्या यादीतूनच बाहेर गेला.

मनाच्या आजारांना शारीरिक कारणं असावीत, हा विचार जुना आहे. हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी अपस्माराला, म्हणजे फेफऱ्याला, दैवी कोप मानायला नकार दिला आणि तो मेंदूचा आजार आहे असं लिहून ठेवलं. चरकसंहितेत उन्माद, म्हणजे एकूणच वेड, हा मन, बुद्धी, संज्ञाज्ञान (भान), स्मृती, भक्ती (आवड), शील, चेष्टा (हालचाली) आणि आचार या आठांचा विभ्रम, म्हणजे बिघाड. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार आणि बाहेरून येणारा आगंतू, असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. दोषांचं स्पष्टीकरण बाजूला ठेवलं तरी त्या आठ गोष्टी थक्क करतात. आजचा डॉक्टर रुग्णाशी बोलताना जे टिपतो, त्यातलं बरंचसं त्यांत आलेलं आहे.

निरीक्षण चांगलं होतं, वागणूक मात्र नव्हती. युरोपात रुग्णांना साखळदंडांत ठेवलं जाई. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात अठराव्या शतकात लोक रुग्ण बघायला करमणूक म्हणून येत. हे बदलण्याचं श्रेय फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरला दिलं जातं. साखळ्या तोडायला लावणारा पिनेल चित्रांमधूनही अजरामर झाला आहे. पण पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात साखळ्या काढल्या त्या झाँ-बातिस्त प्युसाँनं, 1797 मध्ये, पिनेल तिथून दुसऱ्या रुग्णालयात गेल्यानंतर. प्युसाँ डॉक्टर नव्हता. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तो बिसेत्रमध्ये आला होता आणि पुढे तिथलाच व्यवस्थापक झाला. रुग्णाशी नीट बोललं, त्याला कामात गुंतवलं, मारहाण बंद केली तर तो शांत होतो, हे पिनेल त्याच्याकडून शिकला आणि तसं त्यानं लिहिलंही. ज्याचं नाव चित्रात नाही त्याचं काम मला इथे आवर्जून नोंदवावंसं वाटतं. त्याच सुमारास, 1796 मध्ये, इंग्लंडमधल्या यॉर्क इथे विल्यम ट्यूक आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच विचारानं 'रिट्रीट' ही मनोरुग्णांसाठीची संस्था सुरू केली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठमोठी मनोरुग्णालयं बांधली गेली, ती भरत गेली, आणि शेकडो रुग्णांच्या गर्दीत ही माणुसकीची पद्धत हरवली.

या रुग्णालयांत एका प्रकारचे रुग्ण फार असत. बहुतेक मध्यमवयीन पुरुष. सुरुवातीला स्वभाव बदले, मग आपण सम्राट आहोत, अफाट संपत्तीचे मालक आहोत अशा कल्पना येत. त्यानंतर बोलणं अडखळे, हातपाय लुळे पडत, स्मृती जाई आणि काही वर्षांत मृत्यू येई. याला जनरल पॅरालिसिस म्हणत. 1822 मध्ये अंत्वान बेल या तरुण फ्रेंच डॉक्टरनं अशा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणात सूज असल्याचं दाखवलं. तरीही कारणाबद्दलचे वाद कित्येक दशकं चालले: दारू, अतिश्रम, वासना, आधुनिक आयुष्याचा ताण. 1913 मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा मृत रुग्णांचे 70 मेंदू तपासले. त्यातल्या 14 मेंदूंत त्यांना उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे, जंतू सापडले. वेडाचा एक प्रकार समजला गेलेला हा आजार, संसर्ग झाल्यानंतर अनेक वर्षांनी मेंदूवर होणारा परिणाम होता.

त्यावरचा पहिला परिणामकारक उपचार विचित्र होता. व्हिएन्नातल्या युलियस वाग्नर-याउरेग यांनी 1917 मध्ये रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. तापानं उपदंशाचे जंतू कमजोर व्हावेत आणि मग क्विनीननं मलेरिया बरा करावा, असा बेत. काही रुग्ण खरोखर सुधारले, काही दगावले. 1927 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1940 च्या दशकात पेनिसिलीन आलं आणि हा आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसाच झाला. पेलाग्राचंही असंच झालं. त्यात भास आणि स्मृतिभ्रंश होतात. जोसेफ गोल्डबर्गरनं त्याचं मूळ निकृष्ट आहारात दाखवलं आणि 1937 मध्ये निकोटिनिक आम्लाची, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराची, कमतरता हे कारण निश्चित होण्याचा मार्ग मोकळा झाला. दोन्ही आजारांवर आता मनोविकारतज्ज्ञ उपचार करत नाहीत. म्हणून 'तपासणीत काही निघत नाही, म्हणजे आजार नाही' हा युक्तिवाद मला पटत नाही. 1912 मध्ये जनरल पॅरालिसिसच्या रुग्णाच्या मेंदूतही जंतू 'नव्हते'.

कारण सापडत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर जर्मनीत एमिल क्रेपेलिननं शोधलं. आज दिसणाऱ्या लक्षणांवर थांबायचं नाही. आजार कधी सुरू झाला, कसा वाढला, पाच-दहा वर्षांनी रुग्ण कुठल्या अवस्थेत आहे, हे पाहायचं. प्रत्येक रुग्णाची माहिती तो कार्डांवर लिहून ठेवी आणि ती कार्डं पुन्हापुन्हा लावून बघे. त्यातून 1899 मध्ये त्यानं एक मोठी रेषा आखली. एका बाजूला तरुणपणी सुरू होऊन माणसाची क्षमता कमी करत जाणारा 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', दुसऱ्या बाजूला येऊन-जाऊन असणारा, मधल्या काळात माणूस पूर्ववत होणारा उन्माद-नैराश्याचा आजार (आजचा बायपोलर यातच येतो). पहिल्याला स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरनं 1908 मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं आणि सगळ्यांचा शेवट वाईट होत नाही हेही दाखवलं. आजच्या निदानाचा पाया अजूनही हीच रेषा आहे.

वर्गीकरण आलं, औषध नव्हतं. भरलेल्या वॉर्डांपुढे हतबल झालेल्या डॉक्टरांनी 1930 च्या दशकात काय काय केलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. इन्सुलिन देऊन रुग्णाला बेशुद्धीत नेणं हा तेव्हा मान्यताप्राप्त उपचार होता. लिस्बनमध्ये एगाश मोनिश यांनी 1935 मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमननं ती लोबोटॉमी या नावानं हजारो रुग्णांपर्यंत नेली, पुढे तर डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून. रुग्ण शांत झाला, याला यश म्हटलं गेलं. त्याची उत्सुकता आणि पुढाकारही त्याबरोबर गेला, हे कमी मोजलं गेलं. मोनिश यांना 1949 मध्ये नोबेल मिळालं.

त्याच काळातली एक पद्धत मात्र टिकली. हंगेरीच्या लाडिस्लाव मेदुना यांची समजूत होती की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, म्हणून झटका आणला तर स्किझोफ्रेनिया हटेल. समजूत चुकीची होती. पण 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बीनी यांनी विजेनं झटका आणायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की तीव्र नैराश्यात याचा मोठा उपयोग होतो. सुरुवातीला भूल नव्हती, झटक्यात हाडं मोडत. पुढे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन ईसीटी, म्हणजे हाच विजेच्या झटक्याचा उपचार, केली जाऊ लागली. खाणंपिणं सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या रुग्णासाठी ती आजही सर्वात प्रभावी उपचारांपैकी एक आहे. काही रुग्णांना त्या काळातल्या घटना आठवत नाहीत, हा तोटाही खरा आहे आणि तो आधी सांगायलाच हवा.

औषधांची कहाणीही अशीच आडवाटेची. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये सर्पगंधेचा उपयोग रक्तदाबात आणि मनोविकारात होतो असं प्रसिद्ध केलं. तिच्यातलं रिसर्पिन 1950 च्या दशकात जगभर वापरलं गेलं. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांना वाटलं, उन्मादाच्या मुळाशी युरिक आम्ल असावं. ते विरघळावं म्हणून लिथियमचा क्षार वापरला, तर टोचलेले गिनीपिग सुस्त झाले. मग त्यांनी उन्मादाच्या 10 रुग्णांना लिथियम दिलं आणि 1949 मध्ये निष्कर्ष छापले. युरिक आम्लाचा तर्क टिकला नाही, पण लिथियम बायपोलर आजारात आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे. क्लोरप्रोमाझिनकडे फ्रेंच सर्जन आंरी लाबोरी यांचं लक्ष गेलं ते शस्त्रक्रियेतला धक्का कमी करण्यासाठी. 1952 मध्ये पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि भास, संशय, आरडाओरडा ओसरू लागला. आयप्रोनायझिड हे क्षयाचं औषध. रुग्ण त्यानं उत्साही दिसू लागले, म्हणून ते नैराश्यात वापरलं गेलं.

मेंदूतल्या रसायनांचे सिद्धान्त यानंतर आले. स्किझोफ्रेनियावरचं औषध डोपामिन अडवतं, म्हणून त्या आजारात डोपामिन जास्त असावं. नैराश्यावरचं औषध सेरोटोनिन वाढवतं, म्हणून नैराश्यात ते कमी असावं. पण हा तर्क कच्चा आहे: पॅरासिटामॉलनं ताप उतरला म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं असं आपण म्हणत नाही. डोपामिनचा धागा पुढे बराचसा पुराव्यानं भक्कम झाला. 'नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता' हे वाक्य तसं सिद्ध झालेलं नाही. तरीही नैराश्यावरची औषधं मध्यम आणि तीव्र आजारात अनेकांना उपयोगी पडतात. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि रुग्णाला दोन्ही सांगितली पाहिजेत.

आता पुन्हा निदानाकडे. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होई. आजार खरंच जास्त होता, की डॉक्टर वेगळे होते? एका संयुक्त संशोधन गटानं दोन्ही शहरांतले रुग्ण एकाच ठरावीक प्रश्नावलीनं तपासले आणि 1972 मध्ये निष्कर्ष मांडले: फरक बहुतांशी डॉक्टरांच्या सवयीत होता. लंडन ज्याला उन्माद किंवा नैराश्य म्हणे, त्याला न्यूयॉर्क स्किझोफ्रेनिया म्हणत असे. लिथियमनं सावरू शकणारा माणूस केवळ शहर बदलल्यानं वेगळ्या औषधावर गेला असता.

निदान चुकण्यापेक्षा ते हत्यार म्हणून वापरलं जाणं अधिक भीषण. 1851 मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवून त्याला 'ड्रेपेटोमॅनिया' असं नाव दिलं. क्रेपेलिनचा सहकारी एर्न्स्ट र्‍यूडिन नाझींच्या 1933 च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याचा आधारस्तंभ होता, आणि पुढे 'टी-4' मोहिमेत 1940-41 मध्ये सुमारे 70,000 मनोरुग्ण आणि अपंगांना विषारी वायूनं मारलं गेलं. रुग्णांची निवड डॉक्टरांनी केली. सोव्हिएत राजवटीत सत्तेला विरोध करणाऱ्यांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया'चं लेबल लावून कोंडलं गेलं. समलैंगिकता अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या यादीतून 1973 मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून 1990 मध्ये वगळली गेली.

या सगळ्या अविश्वासातून 1980 मध्ये रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली डीएसएमची, म्हणजे याच अमेरिकन असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेची, तिसरी आवृत्ती आली. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या परंपरेतली न दिसणारी कारणं बाजूला ठेवून दिसणारी लक्षणं, त्यांची संख्या आणि कालावधी यांवर निदान बांधलं गेलं. आजच्या आवृत्तीत नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, आणि त्यातलं एक उदासी किंवा रस उडणं हे हवंच. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पाठपुराव्यामुळे पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजारही, तिसऱ्या आवृत्तीतच आला. पाच का, चार का नाहीत? ही सीमा तज्ज्ञांच्या सहमतीनं आखलेली आहे. चार लक्षणांचा माणूस ठणठणीत असतो असा तिचा अर्थ नाही. सीमा आखूनही एकमत पक्कं झालं नाही. डीएसएम-5 च्या चाचण्यांत नैराश्याच्या निदानावर दोन डॉक्टरांमधलं एकमत, योगायोगाचा वाटा वगळल्यावर, 1 पैकी 0.28 इतकंच निघालं. पीटीएसडीसाठी ते बरंच चांगलं होतं.

बोलण्यातून होणारे उपचारही याच काळात मोजमापाच्या कसोटीवर आले. अॅरन बेक फ्रॉइडच्या पठडीत तयार झालेले. नैराश्याचा मनोविश्लेषणातला सिद्धान्त सिद्ध करायला निघाले आणि पुरावा उलट मिळाल्यावर त्यांनी विचारांवर थेट काम करणारी पद्धत उभी केली. 1977 मध्ये तिची तुलना इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाशी झाली आणि ती कमी पडली नाही.

कारणं शोधण्याचं काम थांबलेलं नाही. 2007 मध्ये जोसेप दाल्माऊ यांच्या गटानं एनएमडीए रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह वर्णन केला. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या पेशींवरच्या या ग्राहींवर हल्ला करते. भास, संशय, विचित्र वागणं. पहिले काही दिवस हुबेहूब मनोविकार, आणि उपचार मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे. म्हणूनच अचानक सुरू झालेल्या मनोविकारासोबत ताप, झटके किंवा बेशुद्धी असेल तर आता या प्रतिपिंडांची तपासणी केली जाते. स्किझोफ्रेनियात असं एक कारण मिळालं नाही. 2014 च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 108 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ, आणि स्किझोफ्रेनिया व बायपोलर या दोन आजारांचा जनुकीय वारसा बराचसा सामायिक असल्याचंही अशा अभ्यासांतून दिसलं. त्या दोघांमधली रेषा ज्यानं आखली होती, त्या क्रेपेलिननंच 1920 मध्ये लिहून ठेवलं होतं की हे दोन आजार समाधानकारकपणे वेगळे करणं आपल्याला जमत नाही.