नग्गरचे रोरिक आणि देविकाराणींचे रोरिक

कुलू-मनालीला जाऊन आलेल्या निम्म्याअधिक मराठी घरांत नग्गरचा एक फोटो सापडतोच: देवदारांच्या सावलीतलं घर, मागे बर्फाचे डोंगर आणि ‘रोरिक आर्ट गॅलरी’ची पाटी. फोटो दाखवताना हमखास सांगितलं जातं, ‘हे सिनेनटी देविकाराणीच्या नवऱ्याचं घर, ही त्याचीच चित्रं.’ ते घर खरं तर सासऱ्यांनी बसवलेलं, आणि ज्या निळ्या डोंगरांनी आपण हरखून जातो तेही बहुतेक सासऱ्यांचे. सासरे निकोलाय रोरिक. देविकाराणींचे पती म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, स्वेतोस्लाव. दोघेही सेंट पीटर्सबर्गला जन्मले, दोघांनी हिमालय रंगवला, दोघांनी भारतातच देह ठेवला. गल्लत होणं साहजिक आहे. तरी मला ती खुपते, कारण वडिलांची चित्रं मुलाच्या नावावर जातात आणि मुलाची स्वतःची चित्रं कुणी बघतच नाही.

निकोलाय (१८७४–१९४७) भारतात आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि जगभर नावाजलेले होते. चंद्रप्रकाश रंगवण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या अर्खिप कुइंजीकडे ते शिकले. १९१३ साली पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेने गदारोळ उडाला, त्याचं नेपथ्य आणि वेशभूषा त्यांचीच. फुप्फुसाच्या दुखण्यामुळे हवापालटासाठी ते फिनलंडमध्ये राहत होते. रशियात क्रांती झाली, फिनलंड स्वतंत्र झाला, सीमा बंद झाली आणि घर पलीकडे राहिलं. मग लंडन, मग न्यूयॉर्क. डिसेंबर १९२३ मध्ये हे कुटुंब भारतात आलं आणि पुढे दार्जिलिंगला गेलं. १९२५ ते १९२८ पत्नी हेलेना आणि थोरला मुलगा युरी यांच्यासोबत मध्य आशियाची मोहीम झाली. तिबेटच्या पठारावर त्यांना अडवून धरलं, आणि ऐन हिवाळ्यातले पाच महिने त्यांनी उन्हाळी तंबूंत काढले. त्यानंतर नग्गर, शेवटपर्यंत.

त्यांचं हिमालयाचं एखादं चित्र अगदी जवळ जाऊन पाहा. पृष्ठभागाला चकाकी नसते, कारण रंग तेलातले नाहीत, टेंपेरा आहे, म्हणजे अंड्याच्या बलकात किंवा खळीसारख्या चिकट द्रावात कालवलेला रंग. तो वाळला की भिंतीच्या चुन्यासारखा मंद दिसतो. डोंगर खडकाखडकाने रंगवलेला नसतो. निळ्या आणि जांभळ्याचे सपाट पट्टे एकामागे एक लावलेले असतात, कडा मात्र चाकूने कापल्यासारख्या स्वच्छ. आणि खाली कोपऱ्यात, शोधल्याशिवाय दिसणार नाही एवढा, एखादा घोडेस्वार किंवा ध्यानस्थ साधू. तो ठिपका दिसला की डोंगर एकदम दुप्पट उंच होतो. मापाची ही जाण त्यांच्याइतकी मला दुसऱ्या कुणात दिसलेली नाही.

स्वेतोस्लावनी (१९०४–१९९३) अमेरिकेत वास्तुकलेचं शिक्षण घेतलं, पण हात रमला तो माणसांच्या चेहऱ्यात. लांब पांढरी दाढी, तिबेटी धाटणीचा झगा, हातात पेटी अशी निकोलाय यांची जी प्रतिमा सगळीकडे फिरते, ती मुलाने काढलेली आहे. म्हणजे वडिलांना आपण मुलाच्या नजरेने पाहतो, आणि नाव फक्त वडिलांचं घेतो! दिल्लीत जुन्या संसदेच्या सेंट्रल हॉलमधलं नेहरूंचं तैलचित्रही स्वेतोस्लाव यांचंच.

‘डोंगर असेल तर बाप, चेहरा असेल तर मुलगा’ हा ठोकताळा मात्र पुरा पडत नाही. स्वेतोस्लावनी कुलू-लाहौलची शिखरंही रंगवली. माध्यमावरूनही ओळखता येत नाही, टेंपेरा त्यांनीही वापरला. मी पाहते ते माणूस कुठे उभा आहे ते. वडिलांकडे तो डोंगराच्या पायथ्याशी विरघळतो. मुलाकडे तो पुढे येतो, शेतातून परतणारी बाई असो की बासरी वाजवणारा, आणि डोंगर त्याच्या पाठीशी राहतो. दक्षिणेत आल्यावर तर निळा मागे पडतो आणि लाल माती, पिवळं ऊन यांचे तापलेले रंग येतात.

दक्षिणेत ते आले लग्नानंतर. पहिले पती हिमांशू राय १९४० साली गेल्यावर मालाडची बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था देविकाराणींनी काही वर्षं चालवली. १९४५ मध्ये त्यांनी स्वेतोस्लावशी लग्न केलं आणि मुंबई सोडली. आधी कुलू, मग बंगळुरूबाहेर कनकपुरा रस्त्यावरचा टाटागुणीचा मळा. तिथे सुगंधी तेलासाठी लिनालोची झाडं लावली होती. १९६१ चं पद्मभूषण स्वेतोस्लाव यांचं; निकोलाय तेव्हा हयातच नव्हते.

हा फरक कायद्यालाही कळतो. पुरावस्तू आणि कलानिधीविषयीच्या १९७२ च्या कायद्याखाली नऊ चित्रकारांची चित्रं राष्ट्रीय ठेवा मानली जातात. त्यांत राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ आहेत आणि निकोलाय रोरिकही. जन्माने परदेशी असलेलं, बाहेरून येऊन इथे स्थिरावलेलं असं यादीतलं ते ठळक नाव. त्यांचं भारतात असलेलं चित्र विकायला देशाबाहेर नेता येत नाही. स्वेतोस्लाव त्या नऊंत नाहीत. त्यामुळे चित्राखाली नुसतं ‘रोरिक’ लिहिणं पुरेसं नाही.

नग्गरला पुन्हा गेलात तर घराच्या खालच्या उतारावरही उतरा. निकोलाय यांना जिथे अग्नी दिला तिथे एक मोठा दगड उभा आहे, त्यावर विक्रम संवत २००४ कोरलंय आणि ‘रशियातले भारताचे थोर मित्र’ अशा अर्थाचे शब्द. मुलगा तिथे नाही. स्वेतोस्लाव ३० जानेवारी १९९३ ला गेले, देविकाराणी पुढच्याच वर्षी मार्चमध्ये. दोघांच्या समाध्या टाटागुणीच्या मळ्यात आहेत.