टॉन्सिल काढण्याच्या निर्णयामागचा इतिहास

जूनअखेर कोल्हापुरात पावसाची झड लागते, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि बालरोगतज्ज्ञांकडे घसा सुजलेल्या मुलांची गर्दी वाढते. मुलाचे टॉन्सिल काढून टाकावेत का, हा प्रश्न मग अनेक घरांत निघतो.

सुजणाऱ्या गाठींशी या भागाची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला, तेव्हा लोक वस्ती सोडून माळावर झोपड्यांत राहिले, आणि रोगाची पहिली ठळक खूण म्हणजे जांघेतली किंवा काखेतली गाठ असे. पायाच्या जखमेने जांघेत येणारे अवधाण हीसुद्धा लसीकाग्रंथींचीच सूज होय. ऊतींमधून परतणारा द्रव, म्हणजे लसीका, या ग्रंथी गाळतात आणि त्यात आलेल्या जंतूंविरुद्ध लढणाऱ्या पेशी तिथेच वाढतात. टॉन्सिल याच जातीच्या ऊतीचे असले, तरी त्यांच्याकडे बाहेरून लसीका येत नाही. त्यांच्या पृष्ठभागावर खोल खळगे असतात आणि घशातून जाणाऱ्या अन्नातले व हवेतले जंतू थेट त्या खळग्यांत पारखले जातात.

हे कार्य कळण्याआधीच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, टॉन्सिल हे पू साठण्याचे ठिकाण असून सांध्यांचे, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे विकार तिथूनच पसरतात, असे पाश्चात्त्य वैद्यकात मानले जाई. त्यामुळे ही शस्त्रक्रिया सरसकट होऊ लागली. हा निर्णय किती ठिसूळ पायावर घेतला जात होता, हे 1934 साली न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले, आणि या साऱ्या इतिहासात तिच्याइतके बोलके दुसरे काही नाही. शाळकरी 1000 मुलांपैकी 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि 174 जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना नको म्हटले होते, त्या 215 मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, तर त्यांतल्या 99 जणांना ती सुचवली गेली. पुन्हा उरलेल्या 116 जणांची तपासणी झाली, तेव्हा आणखी 51 मुले निवडली गेली. प्रत्येक फेरीत साधारण 45 टक्के. ज्या मुलाला एका डॉक्टरने निरोगी ठरवले, तेच पुढच्या खोलीत शस्त्रक्रियेस पात्र ठरत होते, याचा अर्थ निर्णय मुलाच्या घशापेक्षा रूढीवर अधिक अवलंबून होता.

पुढे चित्र हळूहळू पालटले. टॉन्सिल काढलेल्या मुलांना मेंदूच्या तळाशी होणाऱ्या गंभीर पोलिओचा धोका अधिक असतो, असे आढळल्याने साथीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया टाळली जाऊ लागली. छातीतील थायमस या लसीका ऊतीच्याच ग्रंथीचे प्रतिकारशक्तीतील स्थान 1961 मध्ये स्पष्ट झाले. टॉन्सिल काढल्यावर घशातील पोलिओविरोधी प्रतिपिंडे घटतात, हे 1971 मध्ये दिसून आले. अर्थात शरीरातील इतर लसीका ऊती कार्यरत राहत असल्याने अशी मुले एरवी दुबळी होत नाहीत.

सध्याचा निकष 1984 च्या एका चाचणीतून आला आहे: एका वर्षात घशाचे सात, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन आजार, आणि तेही ताप, सुजलेल्या गाठी अशा खुणांसह वैद्यकीय नोंदीत असलेले. पालकांनी प्रत्येक आजारपणाची तारीख लिहून ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. झोपेत श्वास अडत असेल, तर मात्र ही मोजणी लागू होत नाही. आता कित्येक देशांत मुलांचे टॉन्सिल काढण्यामागे तेच मोठे कारण झाले आहे.